थायलंडचं लॉन, प्रताप नगर

हा किस्सा कोणाला सांगायचा नाही, असं बायकोनं मला बजावून ठेवलंय. मी आलोय फक्त मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. पण तुम्ही चहा टाकलाय, वर समोसे मागवलेत, तर मिठाला जागायला नको का? पाकीट मात्र आत्ता उघडू नका. आधी ऐका, मग उघडा. आणि हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा, मधे हसलात की माझा धागा तुटतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. "श्वास घ्या, रोखा, सोडा" एवढंच दिवसभर बोलायचं काम. गाव रामटेकजवळ. घरची धानाची शेती, ती आता दादा बघतो. मी नागपुरात नोकरीला आलो, भाड्याच्या खोल्यांमधून हिंडत हिंडत केस पांढरे झाले आणि शेवटी प्रताप नगरात स्वतःचं लहानसं घर झालं. पुढे अंगण सोडलं. फार मोठं नाही, चारेक गाड्या उभ्या राहतील एवढं.

मागच्या वर्षी प्राचीचं लग्न जमलं. मुलगा तिनंच पाहिलेला, दोघं पुण्याला एकाच कंपनीत. पोरगा हसरा, बोलका. पण वडील? चौधरी साहेब, भंडाऱ्याकडचे, मोठ्या राईस मिलचे मालक. देहानं भरभक्कम आणि बोलण्यात तितकेच कंजूष. आपण दहा वाक्यं बोलायची, मग ते एकदा "हं" म्हणणार. त्या "हं"चा अर्थ लावण्यात आम्हा नवरा-बायकोचा पुढचा आठवडा जायचा.

साक्षगंध, म्हणजे पुण्या-मुंबईकडे साखरपुडा म्हणतात ते, तुळशीच्या लग्नानंतर करायचं ठरलं. मी हॉल बघायला निघालो, तर प्राचीचा फोन.

"बाबा, हॉल नको ना. आपल्या घरी करू. समोर मस्त लॉन लावा. मी सगळं लहानपण दुसऱ्यांच्या घरात काढलं, एक तरी कार्यक्रम आपल्या अंगणात होऊ द्या."

आता लेक असं म्हणाल्यावर कोणता बाप नाही म्हणेल? मी म्हटलं, "तू फक्त तारीख सांग. हिरवा गालिचा अंथरून ठेवतो." शब्द देऊन बसलो आणि मग खाली अंगणाकडे पाहिलं.

आमच्या अंगणातली माती म्हणजे अस्सल काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली किल्ली पडली तर सरळ पाताळात. पावसाळ्यात पाय ठेवला तर चपलेला अशी चिकटते की माणूस घरात येईपर्यंत वीतभर उंच झालेला असतो. लॉनचं गवत या मातीत टिकायचं तर आधी तिला भुसभुशीत करायला पाहिजे, हे कोणीही सांगेल.

कोणीही म्हणजे आमचे शेजारी वानखेडे. रिटायर्ड माणूस, दिवसभर मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ बघतात. कंपाउंडवरून मान काढून म्हणाले, "भोयर भाऊ, ही माती ओली असताना हात लावू नका. वाफशावर येऊ द्या, मग खणा. चांगलं कुजलेलं शेणखत टाका, पालापाचोळा टाका, जागा थोडी उंच करा. पाणी खाली निघून गेलं पाहिजे. दोन पावसाळे जातील, पण लॉन असं होईल का विचारू नका."

दोन पावसाळे? माझ्याकडे होता एक.

"साहेब," मी म्हटलं, "काळ्या मातीचं मले सांगून राहिले तुम्ही? मी चिखलातच चालायले शिकलो."

केवढा तो रुबाब माझा. वानखेडे बिचारे मान आत घेऊन निघून गेले.

आता माझ्या डोक्यात काय होतं, ते नीट ऐका, कारण सगळं तिथेच चुकलं. धानाची बांधी कशी करतात, माहीत आहे ना? शेताला भोवती बांध घालायचा, पाणी तुंबवायचं, आणि ती माती पाण्यातच इतकी मळायची की तिची सगळी छिद्रं बुजून जातात. मग पाणी खाली जातच नाही, वरच राहतं. धानाला तेच पाहिजे, त्याचे पाय पाण्यात लागतात. मी लहानपणापासून जमीन तयार करणं म्हणजे एवढंच पाहिलेलं. जगात दुसरी काही पद्धत असते, हे माझ्या गावीही नव्हतं. म्हणजे वानखेड्यांनी सांगितली होती. पण त्यांचं ऐकलं असतं तर आज मी तुमच्याकडे तोंडपाठ "अगत्य यावे" म्हणून चहा पिऊन निघून गेलो असतो.

तर जुलैत पाऊस लागला आणि मी रजा टाकली. अंगणाला चारही बाजूंनी बांध घातला. पाणी तुंबलं. दादाला फोन करून गोठ्यातलं शेणखत मागवलं, त्यानं ट्रॅक्टरनं पाठवून दिलं. ते कुजलेलं नव्हतं, कालपरवाचंच होतं, त्यात बैलापुढच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्याही तशाच होत्या. मी म्हटलं, चालतंय, मातीला माती मिळते. सगळं आत लोटलं, हाफ पॅन्ट चढवली आणि उतरलो चिखलात.

तुम्हाला खोटं वाटेल, पण इतका आनंद मला घराच्या वास्तुपूजेलाही झाला नव्हता. गुडघ्यापर्यंत चिखल, वरून पाऊस, आणि मी माती तुडवतोय. चिखल सपाट करायला जुनं दार दोरीला बांधून पाट्यासारखं ओढतोय. बैल नव्हते म्हणून बैलही मीच. गॅलऱ्यांमध्ये लोक छत्र्या घेऊन उभे राहिले.

सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दारात आली. "अवो, हे काय करून राहिले तुम्ही? लोकं पाहून राहिले ना."

"पाहू दे. शिकतील."

"लॉन लावाचं होतं ना आपल्याले?"

"तेच करून राहिलो. तू फक्त चहा ठेव."

दुसऱ्या दिवशी नर्सरीतून लॉनच्या गवताचे गड्डे आणले आणि त्यांची रोवणी केली. हो, रोवणी. धानाची पऱ्हं, म्हणजे रोपं, लावतात तशी, वाकून, मागे मागे सरकत, सरळ ओळीत. गुडघाभर समाधान घेऊन घरात आलो.

मग काय झालं असेल? अहो, जे व्हायचं तेच. बांधी अशी झकास जमली होती की पाण्याचा थेंब खाली जाईना. धान असतं तर नाचलं असतं. लॉनचं गवत ते, त्याला मुळाशी हवा लागते. आठ दिवसांत पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, मग त्याला वास यायला लागला. वानखेडे कंपाउंडवरून म्हणाले, "मुळं गुदमरली, भाऊ." मी म्हटलं, "मुरून राहिलं आहे ते." मुरतं ते लोणचं, हे मलाही कळत होतं, पण तोंडातून निघून गेलं.

झोप उडाली माझी. लेकीला काय सांगणार होतो? आणि अशात एक दिवस सकाळी दार उघडलं, तर अंगण हिरवंगार.

चोहीकडे कोवळे कोवळे पोपटी कोंब. मी धावत गेलो, वाकलो, एक कोंब बोटात धरला आणि तसाच वाकून राहिलो. शेतकऱ्याचा पोरगा मी, माझ्या बोटांना लगेच कळलं. ते धान होतं. दादाच्या शेणखतातल्या तणसात ज्या लोंब्या राहून गेल्या होत्या, त्या माझ्या बांधीत येऊन बसल्या होत्या. आणि दादा लावतो चिन्नोर, एकदम वासाचा तांदूळ.

उपटायला पाहिजे होतं ना? मी हात घातलाही. तेवढ्यात सुनंदा मोबाइल घेऊन बाहेर आली, त्यावर प्राची.

"बाबा! हे आपलं अंगण आहे? किती सुंदर दिसतंय." आणि पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. "मला वाटलं नव्हतं बाबा, तुम्ही खरंच कराल."

तुम्ही सांगा, मी काय बोलायला पाहिजे होतं? मी म्हटलं, "बापानं शब्द दिला होता."

झालं. तिथून खोटं सुरू झालं आणि धानासारखंच फुटत गेलं. सुनंदानं विचारलं, हे लॉन इतकं रुंद पानांचं कसं. मी म्हटलं, नवीन जात आहे. वानखेड्यांनी विचारलं, कोणती जात. आता त्या माणसाला जगातल्या सगळ्या जाती पाठ. म्हणून मी लांबचा देश शोधला. म्हटलं, "थायलंडची." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "तरीच. आपल्याकडे पाहिली नाही कधी."

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, भोयरांकडे थायलंडचं लॉन आहे. बायका पाहायला यायला लागल्या. एकजण म्हणाली, "वं बाई, वासही किती छान येऊन राहिला." मी दर रविवारी कात्रीनं त्याची हजामत करायचो म्हणून ते घोट्याएवढंच राहायचं, आणि कापलं की अजून दाट व्हायचं. खरं सांगू? मला त्याचा अभिमानच वाटायला लागला होता. दवाखान्यातही फोटो दाखवायचो.

आणि मग एक दिवस प्राचीचा फोन. "बाबा, मी यांच्या घरी आपल्या लॉनचं सांगितलं. हे म्हणाले, आमच्या बाबांनी कधी नाही ते स्वतःहून विचारलं. थायलंडचं लॉन पाहायचं आहे म्हणाले."

गल्लीतल्या बायकांचं ठीक होतं. पण येणारा माणूस कोण? उभ्या जन्मात ज्यानं धानाशिवाय काही पाहिलं नाही, असा राईस मिलवाला. त्याला मी अंगणातलं धान थायलंडचं गवत म्हणून दाखवणार होतो. लेकीचा सासरा तो, पहिल्याच दिवशी "मुलीचा बाप खोटारडा" म्हणून उठून गेला तर?

उपटावं तर खाली नुसता चिखल. राहू द्यावं तर आता त्यात बारीक बारीक लोंब्याही धरायला लागल्या होत्या. मग मी दवाखान्यातून आलो की अंगणात उकिडवा बसून, डोक्यातले पांढरे केस उपटावेत तशा एकेक लोंब्या उपटायचो. सुनंदा म्हणायची, "किती मन लावून करून राहिले गा माय." पण लोंबी उपटता येते हो, वासाचं काय करायचं? त्यासाठी अंगणभर उदबत्त्या लावायचं ठरवलं. आणि साक्षगंधाच्या आदल्या दिवशी, हिरवं टवटवीत दिसावं म्हणून, नळीनं पोटभर पाणी दिलं. हो. मीच दिलं. बांधीला.

सकाळी वरून सगळं कोरडं दिसत होतं. मुला-मुलीला बसायला रुंद लाकडी तखत टाकला, बाकी पाहुण्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या. सगळ्यात पुढची खुर्ची आमच्या इवाईंची. आमच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात. चौधरी साहेब पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले, पायात नवी कोरी कोल्हापुरी. त्यांनी लॉनकडे एकदा पाहिलं, नाकानं लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "हं." मग खुर्चीवर बसले.

गंध लावणं सुरू झालं. मी तखताच्या कडेला टेकून इवाईंशी बोलत होतो. हवा-पाणी, रस्ते, मिल. बोलता बोलता मला जाणवलं की मी आधी मान वर करून बोलत होतो, आता सरळ बोलतोय. थोड्या वेळानं मान किंचित खाली करून बोलायला लागलो. मी खाली पाहिलं. खुर्चीचे पाय चिखलात शिरत होते.

आता गंमत बघा. ते मुलाकडचे, त्यातून पहिल्यांदा आलेले. "तुमच्या अंगणात मी बुडतोय" असं कसं म्हणणार? शोभतं का? आणि आम्ही मुलीकडचे. "साहेब, तुम्ही बुडून राहिले" असं आम्ही तरी कोणत्या तोंडानं सांगणार? त्यामुळे दोन्ही बाजू अत्यंत सभ्यपणे त्यांना बुडताना पाहत होत्या. मी नुसता खायला देत होतो.

"साहेब, अजून एक लाडू?"

"हं."

"थोडा चिवडा?"

"हं."

जेवढं खात होते तेवढं वजन वाढत होतं, हे मला फार उशिरा सुचलं. समोरचं टेबल आधी त्यांच्या गुडघ्याशी होतं, मग छातीशी आलं. शेवटी चहाचा कप त्यांनी हात न उचलता थेट टेबलावरूनच तोंडाला लावला. इहीनबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मान वळवून म्हणाल्या, "अवो, तुम्ही असे लहान काहून दिसून राहिले?"

मग मात्र धावपळ झाली. चौघांनी काखेत हात घालून इवाईंना वर ओढलं. इवाई आले, खुर्ची तिथेच राहिली, आणि उजव्या पायातली कोल्हापुरी खाली गेली ती गेलीच. मी कोपरापर्यंत हात घालून शोधली. लग्नात साळ्या नवरदेवाचे जोडे लपवतात, आम्ही नवरदेवाच्या बापाचे लपवले, तेही साक्षगंधातच.

मी खाली चिखलात बसलेला. वर मान केली तर चौधरी साहेब एका पायावर तोल सांभाळत खाली वाकले होते. तखताच्या कडेला एक लोंबी माझ्या नजरेतून सुटली होती. त्यांनी ती तोडली. तळहातावर चोळली. फुंकर मारली. दाणा दातात धरून कट्ट केलं.

"चिन्नोर आहे?"

"हो," मी म्हटलं.

"थायलंडचं?"

"रामटेकचं."

"हं."

सुनंदानं पदर तोंडाशी धरला. वानखेडे कंपाउंडवर गोठून उभे. प्राचीकडे तर माझ्यानं पाहवेना. तिचं सगळं अंगण, तिचं सगळं कौतुक, मी चिखलात घातलं होतं.

"भोयर," चौधरी साहेब म्हणाले, "आमची एक अट आहे. आत्ताच सांगून ठेवतो, मंग बोलाबोली नको."

अट! मुलाकडच्यांची अट म्हणजे काय असते, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? माझा श्वास अडकला. इतकी वर्षं लोकांना रोखा म्हणतो, त्या दिवशी स्वतःचा रोखला.

"सांगा साहेब."

"लग्न फरशीवर पाहिजे."

मग त्यांच्या पोटात काहीतरी हलल्यासारखं झालं, खांदे हलले, आणि तो माणूस हसायला लागला. असा हसला की डोळ्यातून पाणी. एका हातानं माझा खांदा धरून तोल सावरत म्हणाला, "इवाई, बांधी मात्र एक नंबर केली. आमच्या गड्याईले नाही जमत अशी." आणि प्राची? प्राची तखतावरून खाली उतरली, नवी साडी खोचून चिखलात आली आणि माझ्या गळ्यात पडून हसत हसत रडली. "बाबा, अंगण तर आपलंच आहे ना?" म्हणाली. उरलेलं साक्षगंध सगळ्यांनी अनवाणी, उभ्यानं केलं. फोटोत कोणाचेच पाय दिसत नाहीत.

आता मी वानखेड्यांच्या हाताखाली आहे. बांध फोडला, पालापाचोळा टाकतोय, शेणखत कुजवायला ठेवलंय, ओल्या मातीत पाय ठेवायला मला बंदी आहे. आणि मागच्या आठवड्यात, ऊन तापल्यावर, अंगणाला भेगा पडल्या. त्यातल्या एका भेगेत काहीतरी चमकलं. काठीनं काढलं. इवाईंची कोल्हापुरी. मी आनंदानं फोन केला, तर ते म्हणाले, "लग्नात घेऊन या. जोडी करून घालतो."

तर असं सगळं. आता उघडा पाकीट. गणपती, मुलीचं नाव, मुलाचं नाव, तारीख, सगळं नीट आहे. खाली विवाहस्थळ वाचा. हॉलच्या नावाखाली जी बारीक ओळ आहे ना, ती मी छापलेली नाही. मजकूर आमच्याकडून गेला आणि छपाई इवाईंनी त्यांच्या ओळखीच्या प्रेसमध्ये केली. गठ्ठे घरी आले तेव्हा मला दिसली. निम्म्या विदर्भात वाटून झाली पत्रिका, आणि ज्याला ज्याला दिली तो तो विचारतो, "भोयर, हे काय गा?" मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. बायको बजावते ते खरं आहे, पण माझा इलाज चालत नाही.

वाचा ना मोठ्यानं. हो, तेच लिहिलंय.

"पाहुण्यांनी निश्चिंतपणे बसावे. खाली पक्की फरशी आहे."